बटाट्यांचा सरवा

कालपासून बटाटे काढायला लागलेत. माझ्या खिडकीतून शेत दिसत नाही. दोन अक्रोडाची झाडं दिसतात आणि त्यांच्यामागे आभाळ. पण यंत्राचा आवाज येतो. एकसुरी घरघर, शेताच्या टोकाला पोचली की थोडी चढणारी, मग वळण, मग पुन्हा तीच घरघर. खिडकी उघडली की उकरलेल्या मातीचा वास आत येतो. त्यात थोडा वाळलेल्या पाल्याचा वास असतो, थोडा डिझेलचा. टेबलावर प्रबंधाची पानं पडलेली आहेत आणि मी गेला तासभर नुसती त्या आवाजाची वळणं मोजते आहे.

हा माझा इथला तिसरा सप्टेंबर. पहिला सप्टेंबर अजून माझ्या आत कुठेतरी चालूच आहे. त्या दिवसांत काही मोठं घडलं नाही. मी एका शेताच्या कडेला उभी राहिले, नंतर त्या शेतात उतरले, आणि एका बाईचे आभार मानायचा प्रयत्न केला, तो अर्धा फसला. एवढंच. पण काल संध्याकाळी आत्याशी फोनवर बोलले आणि तो राहिलेला अर्धा भाग अचानक पुढ्यात येऊन पडला. म्हणून लिहिते आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

जर्मनीतलं हे गाव र्युसेल्सहाइमपासून बसने वीस मिनिटांवर आहे. मी तिथल्या होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रमहाविद्यालयात, मेकॅनिकल शिकायला आले तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती. कॉलेजच्या फलकावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी लावलेली होती: खोली आहे, वरचा मजला, बागेत थोडी मदत केलीत तर आवडेल. मी बस पकडून आले. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने. तिच्या हातात मातीने माखलेले हातमोजे होते. तिने माझं नाव दोनदा विचारलं, “स्वाती,” असं मनापासून म्हणून पाहिलं आणि लगेच म्हणाली, “आत ये. चहा घेतेस ना? खरा चहा. इथले लोक पितात तो नाही.”

तिचं नाव नोरा. ती जर्मन नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून विसाव्या-बाविसाव्या वर्षी इथे नर्स म्हणून आली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, आणि तो गेल्यावरही इथेच राहिली. चाळीस वर्षांनंतरही तिचं जर्मन ऐकून बेकरीतली बाई गालात हसते. मी पहिल्या दिवशी तिला आडनावाने हाक मारली तर म्हणाली, “तसं मला फक्त आयकर खातं म्हणतं.” तेव्हापासून तोंडाने नोरा. मनात मात्र नोरामावशी. वयाने एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजूनही अडखळते.

तिच्याकडे बटाटे सालासकट उकडतात आणि पाणी काढून थेट टेबलाच्या मध्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर ओततात. ताट, वाटी काही नाही. वाफेचा एक ढग उठतो, सगळ्यांनी हात घालायचा, बोटं भाजत सोलायचं, मीठ लावायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला आमच्याकडच्या भाजलेल्या शेंगांची आठवण झाली. त्याही अशाच मध्ये ओततात आणि मग बोलणं सुरू होतं. माझ्या मनात आलं, जिथे जेवण असं मध्ये ओततात तिथे मला परकं वाटणार नाही.

आणि मग, महिनाभराच्या आतच, मी तिच्याशी खोटं बोलले.

झालं असं. एका शनिवारी शेत काढून झालं. नोराने दोन बादल्या काढल्या, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चल. श्टोपेल्न.” मला वाटलं, जवळच्या एखाद्या दुकानाचं नाव असेल. शेताच्या कडेला पोचलो तर तिथे चारपाच गाड्या लावलेल्या. चांगल्या गाड्या. आणि शेतात माणसं वाकलेली. शाळेतले एक निवृत्त शिक्षक, औषधांच्या दुकानातल्या बाई, एक तुर्की कुटुंब तीन मुलांसकट. मशीन पुढे निघून गेलं की मागे जे बटाटे मातीत राहतात, ते ज्याला हवे त्याने वेचून न्यावेत, अशी इथली जुनी रीत आहे. शेतकऱ्याने लांबून हात केला की उतरायचं. लोक एकमेकांना ओरडून विनोद सांगत होते. कुणी मोठा बटाटा सापडला की तो वर धरून दाखवत होतं.

हे काय आहे ते मला एका क्षणात कळलं. ह्याला आमच्याकडे सरवा म्हणतात.

माझं गाव माण तालुक्यात आहे. आमची जमीन म्हणजे माळावरचे दोन तुकडे. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर नुसता माळ. बाबा ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात. कुठल्या आळीला किती वाजता पाणी, ते त्यांच्या हातातल्या चावीवर ठरतं. आणि आई, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांचा भुईमूग निघाला की खुरपं घेऊन सरव्याला जायची. वेल उपटून नेले तरी काही शेंगा मातीत तुटून राहतात. त्या उकरून काढायच्या. दिवसभर उन्हात बसून पदरभर. मी सातवीत असताना एक मैत्रीण वर्गात म्हणाली, “तुझी आई काल आमच्या रानात हुती.” ती चिडवत नव्हती. तिने नुसतं सांगितलं, जसं एखादी सांगेल की काल तुझी आई बाजारात भेटली. पण त्या दिवशी मी घरी मागच्या बोळातून गेले आणि आईला म्हणाले, तू तिथे जाऊ नकोस.

आई म्हणाली, “बरं.”

आणि मग ती शेजारच्या गावच्या रानात जायला लागली. तासभर लांब. हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर त्या शेंगांचे लाडू मी खात होते. पुढे हॉस्टेलवर आले तेव्हाही डब्यात तेच लाडू यायचे.

म्हणून त्या शनिवारी मी शेताच्या कडेला उभी राहिले आणि पाऊल उचलेना. नोराला वाटलं, माझे बूट खराब होतील म्हणून मी थांबले. “थांब, घरात रबरी बूट आहेत,” असं म्हणून ती परत फिरायला लागली. तेव्हा मी पटकन म्हणाले, “नाही नाही. ते नाही. आमचं स्वतःचं शेत आहे. मोठं आहे. आम्हाला असं... करावं लागत नाही.”

नोराने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, “करावं तर मलाही लागत नाही, मुली. स्वस्त दुकान पाच मिनिटांवर आहे.” आणि बादली घेऊन उतरली. मधल्या सऱ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ शेताच्या लांबच्या कोपऱ्याकडे गेली, जिथे मशीन वळलं होतं, आणि तिथे बुटाच्या टोकाने माती उडवायला लागली. एक ठोकर, एक बटाटा. मी कडेला रिकामी बादली घेऊन उभी. त्या दिवसाइतकी जड रिकामी बादली मी पुन्हा उचलली नाही.

खरं तर ते खोटं नवीन नव्हतं. इथे र्युसेल्सहाइमला बरीच मराठी कुटुंबं आहेत, बहुतेक गाड्यांच्या कारखान्यातले इंजिनियर. गणपतीला बोलावतात, प्रेमाने वाढतात. तिथे एक काकू मोदक वाढता वाढता विचारतात, “मग गावाकडे शेती असेल ना गं?” आणि मी म्हणते, “आहे थोडी.” “बागायत?” “हो, म्हणजे... आहे.” त्यांच्या विचारण्यात काही वाईट नसतं. गाव म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आंबे येतात. मला त्यांचे आंबे मोडवत नाहीत.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला नोरा स्वयंपाकघरात ते वेचलेले बटाटे निवडत बसायची. कापलेले आजच्यासाठी, धड असलेले तळघरात. मीही समोर बसायचे. आणि निवडता निवडता ती तिच्या गावाचं सांगायची. मी विचारलं नव्हतं. पण मला वाटतं, कडेला उभ्या असलेल्या मला पाहूनच तिने ते सांगायला घेतलं.

तिच्या गावाच्या वरच्या डोंगरउतारावर जमिनीला सुरकुत्या आहेत. शेजारी शेजारी, वरून खाली गेलेल्या. दुपारी दिसत नाहीत. ऊन कलायला लागलं की सावल्या पडतात आणि अख्खा उतार रेघारेघांचा होतो. त्या बटाट्याच्या जुन्या सऱ्या आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका वर्षी पाला काळा पडला, खाली बटाटा कुजला, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ज्यांनी त्या सऱ्या ओढल्या होत्या ते मेले, किंवा जहाजात चढले. त्यानंतर तिथे कुणी नांगर घातलेला नाही. मेंढ्या चरतात. “पण मेंढ्यांनाही सरळ चालता येत नाही तिथे,” नोरा म्हणाली, “सऱ्यांवरून हेलकावे खात जातात.”

लोकांना कामं द्यायची म्हणून सरकारने तेव्हा रस्ते काढले. उपाशी माणसांनी दगड फोडून केलेले रस्ते. नोराच्या गावातला रस्ता दलदलीपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. पलीकडे काहीच नाही. “कुठे जायचा होता तो?” मी विचारलं. “कुठेच नाही. काम हवं होतं, रस्ता नको होता.” खायला अमेरिकेतून पिवळा मका आला. लोकांना तो शिजवता येईना, पोटं बिघडली, पोरं रडायची. तिच्या वडिलांच्या लहानपणीसुद्धा घरात पिवळा मका आणायची सोय नव्हती. म्हातारी माणसं तोंड फिरवायची.

माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. मका पिवळा होता. आमचा लाल होता. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडेही अमेरिकेहून धान्य आलं, लाल मिलो. गावातली जुनी माणसं अजून ‘मिलो खाल्लेला माणूस’ असं म्हणतात, कुणी फार सोसलं असेल तर. आणि आमच्याकडेही रस्ते निघाले. आमच्याकडेही दगड फोडले. मला हे सगळं नोराला सांगायचं होतं. पण मोठ्या शेताची मालकीण हे कसं सांगणार? एक खोटं बोललं की पुढची किती खरी वाक्यं अडकून पडतात, हे मला तेव्हा कळलं.

मग एका संध्याकाळी तिने ते सांगितलं. तिच्या गावात अजून काही घरांविषयी बोलताना लोक आवाज खाली आणतात. त्यातल्या एका घराविषयी म्हणतात, ‘त्या वर्षी त्यांच्याकडे धूर होता.’ बस, एवढंच. म्हणजे सगळ्या चुली विझलेल्या असताना त्या एका घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. त्यांच्याकडे शिजवायला काहीतरी होतं. कुठून आलं, कुणाकुणाला न देता राहिलं, ते कुणी सांगत नाही. सात पिढ्या झाल्या, तरी तो धूर लोकांना दिसतो.

“ते घर कुणाचं?” मी विचारलं.

नोराने बटाट्यावरची माती अंगठ्याने पुसली. “माझ्या आईचं,” ती म्हणाली. “शाळेत एका मुलीने मला सांगितलं. मी आठ वर्षांची होते. मी घरी येऊन विचारलं, तर आईने मला वेचायला पाठवलं. कुणाचंतरी काढून झालेलं शेत. आम्हाला गरज नव्हती. तरी दरवर्षी पाठवायची. का, ते तिने कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, ती आम्हाला सगळ्यांच्यात बसवत होती.”

हातातला बटाटा मी खाली ठेवला. मग मी म्हणाले, “नोरा, आमचं मोठं शेत नाही.”

“या, या,” म्हणजे हो, हो, ती म्हणाली. इतक्या वर्षांत हा एक जर्मन शब्द तिच्या तोंडात पक्का बसला आहे. “ते मला तेव्हाच कळलं. ज्यांचं शेत असतं ते असे कडेला उभे राहत नाहीत. ते न विचारता आत शिरतात आणि माती हातात घेऊन नावं ठेवतात.”

मी हसले आणि त्याच हसण्यात मला रडूही आलं. मग सगळं सांगितलं. आईचं, मागच्या बोळाचं, लाडवांचं. आणि मग आत्याचं.

हौसाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता निघाला, तेव्हा ती त्या कामावर खडी फोडायला होती. लहान मुलांना कामावर घेत नसत. म्हणून आजोबांनी मुकादमाला सांगून तिचं वय वाढवून लावलं, सोळा. तेच वय पुढे रेशनकार्डावर गेलं, तिथून सगळ्या कागदांवर. आज कागदावर आत्या आहे त्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे. खरं वय विचारलं की ती म्हणते, “मोठीच हुते मी.” आणि विषय संपतो. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. हातोडा दगडाऐवजी बोटावर बसला की असं होतं, हेही तिने कधी सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं. ती शाळेत जात होती, दुसरीत की तिसरीत. ती शाळा तिथेच सुटली.

कामावर मजुरांना सुकडी मिळायची. गोड पिठासारखी. आत्या तिथे थोडी तोंडात टाकायची आणि उरलेली परकराच्या ओच्यात बांधून घरी आणायची. बाबा तेव्हा चार वर्षांचे. म्हणून बाबांना दुष्काळ गोड आठवतो. खरंच. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, “मला आपलं एवढंच आठवतंय, आक्का यायची आणि काहीतरी गोड मिळायचं.” लहानपणी मला हे ऐकून मजा वाटायची. कुणाचा तरी दुष्काळ गोड होता, तो कशामुळे, हा विचार माझ्या डोक्यात यायला मला एवढ्या लांब यावं लागलं.

बाबा दहावी झाले. मी त्याच्या पुढे गेले. आणि ज्या एसटीने मी रोज कॉलेजला जायचे, ती त्या रस्त्यावरून फाट्याला लागते. आत्याचं सासरही त्याच रस्त्यावर, पुढच्या वाडीत. एकदा तिच्याबरोबर चालत येत होते तेव्हा तिने हात केला, “त्या बाभळीपासनं वढ्यापातूर आमची टोळी हुती.” एवढंच म्हणाली आणि पुढे चालायला लागली. मी तेव्हा मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते.

नोराने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. “तुमचा रस्ता कुठे जातो?”

“फाट्याला. तिथून सातारची गाडी मिळते.”

तिने पुढचा बटाटा उचलला. मग म्हणाली, “मग बरं.” असं म्हणाली, जणू तिच्या गावातल्या त्या दलदलीपाशी थांबलेल्या रस्त्याचंच काहीतरी पुढे झालं.

पुढच्या शनिवारी दुसरं शेत काढून झालं. या वेळी मी रबरी बूट घालून निघाले. नोराने निघताना माझ्या खिशात पावाचा एक तुकडा कोंबला. तिच्याकडे अशी समजूत आहे की उपासमारीने माणूस जिथे पडला तिथल्या गवतावर पाय पडला तर आपल्यालाही ती भूक लागते, उभं राहवत नाही. म्हणून रानात जाताना जवळ तुकडा ठेवायचा. “अगं, पण ते गवत आयर्लंडमध्ये,” मी म्हणाले. “गवत काय, सगळीकडे सारखंच,” ती म्हणाली.

शेतात उतरून मी मधल्या सरीत वेचायला बसले. अर्ध्या तासात जेमतेम पाचसहा बटाटे. दुपारची वेळ होती, गावाकडे संध्याकाळ. मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आतेभावाने फोन धरून दिला. आत्याने आधी माझा चेहरा पाहिला, मग मागचं शेत.

“हे काय करतीस गं?”

“सरवा वेचतेय, आत्या. बटाट्याचा.”

“आं? तिथं बी सरवा असतोय व्हय?” मग फोनच्या आणखी जवळ आली. तिचं अर्धं कपाळ आणि एक डोळा तेवढा दिसायला लागला. “आणि तू कुठं बसलीस? मधी? येडी का खुळी! मधी काय घावतंय? मशीन वळतंय त्या टोकाला जा की. वळणावर राहतंय सगळं.”

मी फोन फिरवून दाखवला. लांबच्या टोकाला नोरा बुटाच्या टोकाने माती उडवत होती.

“ती बघ,” आत्या म्हणाली, “त्या बाईला कळतंय. कोण हाय ती?”

“माझी घरमालकीण.”

“घरमालकीण सरव्याला?” आत्या इतकी हसली की फोन हलायला लागला. मग नोराकडे पाहून तिने हात हलवला, नोरानेही हलवला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळणार नव्हतं. मी टोकाला गेले. तासाभरात बादली भरली.

त्या हसण्याच्या भरात मी विचारून टाकलं. “आत्या, तू खडीवर होतीस तेव्हा किती वर्षांची होतीस गं?”

“मोठीच हुते मी,” ती म्हणाली. “ठेवते. दूध काढायचंय.”

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे एर्न्टेडांक असतो. पीक हाती आलं म्हणून देवाचे आभार. चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, कणसं, द्राक्षं, पाव असं सगळं मांडतात. या गावात आणखी एक पद्धत आहे: ज्या घरातून जे येईल त्याच्याजवळ एक छोटं कार्ड ठेवायचं आणि आपण कशासाठी आभारी आहोत ते एका ओळीत लिहायचं. सही नाही. नोरा म्हणाली, “तूही या घरातली आहेस. तुझंही काहीतरी ठेव.”

मला आभार मानता येत नाहीत. आमच्याकडे मानत नाहीत. आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी एक सर उठून मानतात ते. आईला थँक यू म्हटलं तर ती विचारेल, तुला ताप आलाय का. इथे दिवसातून पन्नास वेळा मी डांके म्हणते, बसच्या ड्रायव्हरला, दार धरणाऱ्याला, आणि ज्यांना खरंच म्हणायला हवं होतं त्यांना एकदाही म्हटलेलं नाही. आत्याला तर म्हणायची सोयच नव्हती. आभार मानायचे तर आधी तिने काय केलं ते तिला कबूल असायला हवं. ती तर म्हणत होती, मी मोठीच होते, म्हणजे त्यात काय विशेष.

मी भाकरी केली. फ्रँकफर्टच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. मला भाकरी थापता येत नाही, आईने कधी येऊ दिली नाही. ‘तू अभ्यास कर’ हे एकच वाक्य मी तिच्याकडून ऐकलं. तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे झाले. नोराने बाजूने पाहिलं आणि म्हणाली, “तुटलेली भाकरी चर्चला चालते. उलट त्यांना तशीच लागते, तिथे पाव मोडूनच वाटतात.”

कार्ड समोर घेऊन मी बराच वेळ बसले. आधी लिहिलं, रस्त्यासाठी. ते खोडलं. रस्ता सरकारचा होता. मग मनात हिशेब केला. घरात म्हणतात, आत्या बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठी. बाबा तेव्हा चार. मी जर्मनमध्ये लिहिलं: ‘एका अकरा वर्षांच्या मुलीसाठी.’

प्रार्थना संपल्यावर मांडणीची व्यवस्था बघणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. काळजीने विचारलं, “ती मुलगी आजारी आहे का? आपण तिच्यासाठी पुढच्या रविवारी प्रार्थना करू.” मी म्हणाले, “नाही, आता ती नातवंडांची आजी आहे.” त्यांना कळलं नाही, पण त्यांनी माझा हात दाबला. नोरा मागे उभी होती. तिने ते कार्ड वाचलं, दुमडलेला रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, चांगलं मोठ्याने, चर्चमध्ये घुमेल असं.

भाकरी शेवटी त्या तुर्की कुटुंबातल्या मुलांनी खाल्ली. मीठ लावून.

आत्याला मी यातलं काहीच सांगितलं नाही. गेल्या वर्षी या दिवसांत मी इंटर्नशिपसाठी झिंडेलफिंगेनला होते. तिथे खोलीतून कारखान्याचा भोंगा तेवढा ऐकू यायचा. बटाटे निघाले ते मला नोराच्या पार्सलवरून कळलं. खोक्यात सहा बटाटे, मातीसकट.

आणि काल दुपारी यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी मी आत्याला फोन केला. का, ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, इथे बटाटे काढायला लागलेत. ती म्हणाली, वळणावर बघ. मग मी तिला चर्चचं सांगितलं. मांडणीचं, तुटलेल्या भाकरीचं. भाकरीला ती हसली. मग कार्डाचं सांगितलं. काय लिहिलं होतं, ते मराठीत वाचून दाखवलं.

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, म्हणजे लागलेला होता.

“अकरा न्हाय,” आत्या म्हणाली.

“तुझा बा चार, मी धा. सात न्हाय, सा वर्सांचं अंतर हाय आमच्यात.” मग जरा दम घेऊन, “धा वर्सांची हुते मी.”

मी तिला काहीतरी म्हणणार होते, तेच, जे म्हणायची आमच्याकडे सोय नाही. पण तिने वेळच दिला नाही. “लिव्हायचंच आसंल तर नीट लिव्ह,” ती म्हणाली. “देवापुढं ठेवतीस ना?”

खाली नोरा बादल्या काढते आहे, कड्यांचा आवाज येतोय. शनिवारी आम्ही शेतात उतरू, सरळ टोकाला जाऊ. एर्न्टेडांकच्या रविवारी मी पुन्हा भाकरी करीन, बहुतेक पुन्हा तुटेल. कार्ड मात्र आत्ताच लिहून ठेवलं आहे. एका दहा वर्षांच्या मुलीसाठी.